पेरिटोनियम: पोटातल्या पडद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की घरातलं कुणीतरी आधी लिव्हरची ओळ वाचतं, मग किडनीची, मग पित्ताशयाची. तिथे 'नॉर्मल' दिसलं की जीव भांड्यात पडतो. मग अगदी शेवटी 'फ्री फ्लुइड', 'ओमेंटल थिकनिंग', 'पेरिटोनियल' असलं काहीतरी येतं आणि रात्री अकरा वाजता डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी ते पनवेल या पट्ट्यातल्या पेशंटनी आणि नातेवाइकांनी सर्जरीच्या ओपीडीत विचारलेले प्रश्न इथे घेतलेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना वेळ लागतो.

घरात आत्ता कुणाचं पोट कडक झालं असेल आणि तो माणूस पोटाला हात लावू देत नसेल, तर हे नंतर वाचा. आधी १०८ लावा.

हा पडदा असतो कुठे आणि करतो काय?

पोटाच्या स्नायूंच्या आतल्या बाजूला एक पातळ, ओलसर, चकाकतं आवरण असतं. तेच पुढे वळून जठर, आतडी, यकृत, प्लीहा यांच्यावरही चढतं. दुधाची रिकामी पिशवी घ्या, तोंड बंद ठेवा आणि बाहेरून तिच्यात मूठ दाबा. मुठीला चिकटलेला भाग म्हणजे अवयवांवरचा पडदा, उरलेला म्हणजे पोटाच्या भिंतीवरचा. पिशवी एकच. मधल्या फटीत जेमतेम काही चमचे द्रव असतो. त्यावर आतडी दिवसभर एकमेकांवरून सरकत राहतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

जाडी म्हणाल तर वर पेशींचा एकच थर, त्याखाली थोडं ऊतक आणि त्यात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. पण सपाट पसरला तर मोठ्या माणसात हा पडदा दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे जवळजवळ अंगावरच्या कातडीइतका. एवढा मोठा पृष्ठभाग आणि लगेच खाली रक्त. म्हणूनच इथे घाण सांडली तर विष झपाट्याने अंगभर जातं, आणि म्हणूनच किडनी बंद पडल्यावर याच पडद्यातून रक्त शुद्धही करता येतं. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

किडन्या, स्वादुपिंडाचा बराचसा भाग आणि महाधमनी या पडद्याच्या मागे असतात. पुरुषांत ही पिशवी पूर्ण बंद असते. स्त्रियांत ती बीजवाहिन्यांच्या टोकांशी उघडी असते, त्यामुळे गर्भाशयाकडचा संसर्ग वर पोटात पोचू शकतो.

रिपोर्टमध्ये 'मिनिमल फ्री फ्लुइड' लिहिलंय. घाबरायचं का?

हे पेशंट कोण आहे त्यावर ठरतं. पाळी सुरू असलेल्या वयात, बीज सुटण्याच्या सुमाराला, गर्भाशयाच्या मागे थोडं पाणी दिसणं नेहमीचं आहे. दुसरा काही त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही.

पण पाळी चुकलीय, पोटात दुखतंय, चक्कर येतेय आणि रिपोर्टमध्ये हेच तीन शब्द आहेत, तर ते पाणी नसून रक्त असू शकतं. गर्भ नळीत राहून नळी फुटली की असं होतं. अशी बाई उद्या सकाळपर्यंत थांबू शकत नाही. घोडबंदर रोडवर बाइकवरून पडलेल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये हे शब्द आले तर प्लीहा किंवा यकृताला मार बसल्याची शंका घ्यावी लागते, मग वरून एक ओरखडाही नसो. दारू पिणाऱ्या किंवा जुनी कावीळ झालेल्या माणसात हेच शब्द यकृताच्या आजाराची पहिली चाहूल असू शकतात.

म्हणून नुसता रिपोर्टचा फोटो पाठवून उत्तर मागू नका. वय, ताप, पाळीची तारीख, मार लागलाय का, हे सोबत लिहा.

आधी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली दुखतंय. जागा बदलली म्हणजे गॅस फिरतोय ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो.

अवयवांवरच्या पडद्याच्या नसा वेगळ्या असतात आणि भिंतीवरच्या पडद्याच्या वेगळ्या. अवयवावरचा भाग दुखतो तेव्हा मेंदूला नेमकी जागा कळत नाही. पोटाच्या मध्यावर कुठेतरी कळ येते, मळमळतं, पेशंट हात गोल फिरवून दाखवतो. भिंतीवरच्या पडद्याला मात्र पोटाच्या कातडीला आणि स्नायूंना जातात त्याच नसा जातात. तो दुखला की माणूस एका बोटाने जागा दाखवतो.

अपेंडिक्स सुजायला लागतं तेव्हा सुरुवातीला नुसती त्याची नळी ताणलेली असते, म्हणून बेंबीपाशी दुखतं. काही तासांनी सूज बाहेर येऊन भिंतीवरच्या पडद्याला लागते आणि दुखणं उजवीकडे खाली 'बसतं'. म्हणजे जागा बदलली तर आजार पुढे सरकलाय. खोकताना, किंवा घरी येताना रिक्षा खड्ड्यातून गेल्यावर तिथेच सणक उठत असेल, तर सर्जनला दाखवायला आणखी कारण नको. ओपीडीत आम्ही मुद्दाम विचारतो, 'येताना स्पीडब्रेकरवर दुखलं का?' लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. उत्तर फार उपयोगी असतं.

पेरिटोनायटिस म्हणजे काय? घरी ओळखता येतो का?

पडद्याला जंतूंनी, आम्लाने, पित्ताने किंवा विष्ठेने सूज येणं म्हणजे पेरिटोनायटिस. बहुतेक वेळा कुठेतरी भोक पडलेलं असतं. आपल्याकडे दिसणारी कारणं साधारण अशी: जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरला भोक, अपेंडिक्स फुटणं, टायफॉइडने आतड्याला भोक (ताप सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात, 'आता तर उतरायला लागला होता' असं नातेवाईक सांगतात तेव्हा), पोटाचा टीबी, आणि अपघातातला मार.

अल्सरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. रोज उपाशीपोटी अंगदुखीची, गुडघेदुखीची गोळी घेणारे पेशंट या पट्ट्यात ढिगाने आहेत. माथाडी, एमआयडीसीतले कामगार, उभ्याने ड्यूटी करणारे सिक्युरिटी गार्ड. मेडिकलमधून सुटी गोळी, वर चहा, बिडी किंवा तंबाखू. जठराचं अस्तर यात झिजत जातं, आणि पुष्कळांना अल्सर आहे हे भोक पडल्यावरच कळतं. ते सांगतात त्यात वेळसुद्धा असते: 'सव्वासहाला, चहा पिता पिता, सुरी खुपसल्यासारखं झालं.'

ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे पेशंट पडून कसा राहतो. मुतखड्याचा पेशंट तळमळतो, उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, कारण किडनी पडद्याच्या मागे आहे आणि हालचालीने त्याचं दुखणं वाढत नाही. पेरिटोनायटिसचा पेशंट गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो. पलंगाला धक्का लागला तरी ओरडतो. श्वास वरच्यावर घेतो. पोट कडक होतं, उलटी होते, गॅस सरत नाही, नाडी पळायला लागते.

एक फसवी अवस्था आहे. भोक पडल्यावर काही तासांनी दुखणं जरा कमी झाल्यासारखं वाटतं. सांडलेलं आम्ल पडद्यातून पाझरलेल्या पाण्याने पातळ होतं, म्हणून. 'आता बरं वाटतंय, सकाळी बघू' हे वाक्य नेमकं इथे येतं, आणि सकाळपर्यंत जंतू रक्तात गेलेले असतात.

म्हातारी माणसं, जुना मधुमेह असलेले आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांच्यात पोट कडक होईलच असं नाही. त्यांच्या बाबतीत साध्या पोटदुखीकडेही जरा जास्त संशयाने बघा.

तोपर्यंत घरी काय द्यायचं?

काहीही नाही. पाणी नाही, लिंबूसोडा नाही, एरंडेल तर मुळीच नाही. एनिमा नाही, पोट चोळणं नाही, शेक नाही. आधीची औषधं आणि फाइल मात्र सोबत घ्या.

दुखण्याचं इंजेक्शन घेतलं तर रोग झाकला जातो म्हणतात. खरं का?

हॉस्पिटलमध्ये तपासून दिलेल्या इंजेक्शनने निदान बिघडत नाही. पेशंटला विव्हळत ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडून दिलीय. धोका आहे तो गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी जाऊन झोपण्यात.

कुठे जायचं?

जिथे चोवीस तास सर्जन, भूलतज्ज्ञ, एक्स-रे आणि आयसीयू आहे तिथे. ठाण्याच्या बाजूला महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरुळला डी. वाय. पाटील. खासगी हॉस्पिटलला जाणार असाल तर निघतानाच फोन करून सर्जन हजर आहे का ते विचारा. संध्याकाळी सहा-सातला ऐरोलीहून ठाण्याला येऊन, तिथून पुन्हा दुसरीकडे पाठवलं गेलं तर दोन तास रस्त्यातच जातात. उभं राहून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत श्वासपटलाखालच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूखालच्या हवेची काळी चंद्रकोर दिसली की भोक पडल्याचं निदान बहुतेक तिथेच होतं. सीटी स्कॅन दर वेळी लागतोच असं नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

भोक बंद करतात आणि पोट धुतात. धुणं हा शब्द शब्दशः घ्या: कोमट सलाईन लिटरांच्या हिशेबाने ओतून, सगळे कोपरे साफ करून बाहेर काढतात. अल्सरच्या भोकावर पोटातलीच चरबीची झालर आणून टाक्यांनी बसवतात. कॅनडाचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये या पद्धतीचं वर्णन केलं, आणि आजही ती त्यांच्याच नावाने चालते.

या झालरीचं नाव ओमेंटम. जठराला लोंबणारा हा पडद्याचाच दुपदरी, चरबीने भरलेला भाग. जिथे सूज असेल तिथे ओमेंटम जाऊन चिकटतं आणि जागा बंदिस्त करतं, म्हणून सर्जन त्याला पोटातला पोलीस म्हणतात. लहान मुलांत ते आखूड असतं. त्यांचं अपेंडिक्स फुटलं की पू लवकर पोटभर पसरतो, त्याचं हे एक कारण. रिपोर्टमधलं 'ओमेंटल थिकनिंग' म्हणजे हा पोलीस जाड झालाय. कशामुळे, ते शोधावं लागतं. टीबी आणि कॅन्सर ही दोन मोठी कारणं.

आतड्याला भोक असेल आणि पोट फार घाण झालेलं असेल, तर कधी कधी आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. घरच्यांना हा फार मोठा धक्का असतो. ऑपरेशनच्या आधीच्या घाईत कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि शुद्धीवर आल्यावर पेशंटलाच ते पहिलं दिसतं. बहुतेकांची पिशवी दोन-तीन महिन्यांनी, तब्येत भरून आल्यावर, दुसऱ्या ऑपरेशनने काढता येते. घाण पोटात जोडलेलं आतडं उसवून पुन्हा सगळं सांडण्यापेक्षा ही पिशवी बरी.

पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पोट ठीक, पण खांदा का दुखतोय?

दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. उरलेल्या गॅसमुळे श्वासपटलाच्या खालचा पडदा चुरचुरतो. तिथली नस मानेतून निघते, खांद्याची नसही तिथूनच, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. दोन-तीन दिवसांत थांबतं. चालत राहा. छातीत दुखणं, धाप किंवा ताप असेल तर मात्र लगेच कळवा.

सिझर होऊन सहा वर्षं झाली. आता म्हणतात 'आतडी चिकटलीत'. डॉक्टरांची चूक का?

सहसा नाही. पडदा खरचटला की तो भरून येताना शेजारच्या पडद्याला चिकटतो. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात थोडीफार चिकटण होतेच, आणि बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर ती कमी होते.

त्रास होतो तो आतडं त्या चिकटणीत अडकलं की. कळा येऊन दुखणं, पोट फुगणं, उलट्या, आणि गॅस-संडास दोन्ही बंद. अशा वेळी अ‍ॅडमिट करून नाकातून नळी आणि सलाईन दिलं की पुष्कळांचं ऑपरेशनशिवाय सुटतं. नुसतं अधूनमधून दुखतंय म्हणून चिकटण सोडवायला पोट उघडायला आम्ही नाखूश असतो. सोडवलेली जागा पुन्हा चिकटते, कधी आधीपेक्षा जास्त.

आतड्याचा पडदा हा 'नवा अवयव' सापडला असं वाचलं होतं.

आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाचे सर्जन केल्विन कॉफी यांनी २०१६ मध्ये मांडलं की मेसेंटरी, म्हणजे आतड्याला मागच्या भिंतीशी बांधणारा आणि त्याच्या रक्तवाहिन्या वाहून नेणारा पडदा, तुकड्यातुकड्यांचा नसून सलग आहे आणि त्याला अवयव मानायला हवं. बातम्यांत त्याचं 'नवा अवयव सापडला' झालं. आम्ही तो रोज हाताळत होतोच.

बाबांच्या पोटात पाणी होतंय. काढलं की पंधरा दिवसांत पुन्हा भरतं. एकदा काढलं की सवय लागते म्हणतात, मग काढायचं कशाला?

सवय लागत नाही. पाणी पुन्हा होतं कारण ते ज्या आजाराने होतं तो तिथेच असतो.

जलोदराचं मोठं कारण यकृत. दारू, हेपेटायटिस बी आणि सी, आणि आता दारूला कधीही न शिवलेल्या माणसांतलं चरबीचं यकृत. यकृत आखडलं की त्यातून जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो आणि पाणी पडद्याच्या पिशवीत झिरपतं. बाकी कारणांत टीबी, कॅन्सर, हृदय आणि किडनी. पहिल्यांदा पाणी झालं की सुई घालून थोडं काढून तपासायलाच हवं. पाण्यातलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मोजून वजाबाकी करतात. फरक डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाला तर यकृताच्या दाबाकडे बोट जातं, कमी निघाला तर टीबी-कॅन्सरकडे. दोन साध्या तपासण्यांची ही वजाबाकी न करताच पाण्याच्या गोळ्या सुरू केलेले पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पोटाला तडस लागून श्वास घेता येत नसेल तर पाणी काढणं हा आराम आहे आणि तो नाकारू नये. एका वेळी पाच लिटरच्या वर काढलं तर प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. ते महाग आहे, पण ते न देता भरपूर पाणी काढलं तर किडनी बसू शकते.

घरी करायची मुख्य गोष्ट म्हणजे मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. वरणात मीठ कमी केलं आणि बाजूला पापड, लोणचं, फरसाण, सुकट तसंच राहिलं तर हिशेब जुळत नाही. आणि या पेशंटला ताप आला, पोट दुखायला लागलं किंवा तो झोपाळू, असंबद्ध वागू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. साठलेल्या पाण्यात भोक न पडताही जंतू होतात. पाण्यातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला २५० च्या वर गेल्या की कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची, वाट न बघता उपचार सुरू करतात.

पोटाचा टीबी घरच्यांना लागतो का?

नुसता पोटाचा असेल तर नाही. पण सोबत फुप्फुसाचाही असू शकतो, म्हणून अशा प्रत्येक पेशंटचा छातीचा एक्स-रे काढतात.

संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मेलेली, पोट हळूहळू फुगणं, अशी त्याची चाल. पोटातल्या पाण्याची एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) तपासणी करतात, आणि शंका राहिली तर दुर्बीण घालून पडद्याचा तुकडा काढतात. आत पडद्यावर बाजरीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके पसरलेले दिसतात.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम. पोटाच्या टीबीत सीए-१२५ ही रक्ततपासणीही खूप वाढू शकते. जाड ओमेंटम, पोटात पाणी आणि वाढलेलं सीए-१२५ एवढ्यावरून अंडाशयाचा कॅन्सर ठरवून घरात रडारड झालेली आणि तुकड्याच्या तपासणीत टीबी निघालेला, असं घडतं. उलटही घडतं. तुकडा तपासल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच धरून चालू नका.

औषधं किमान सहा महिने, महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून मोफत. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. महिन्याभरात बरं वाटायला लागतं आणि तिथेच अनेक जण औषध सोडतात. सोडू नका.

कॅन्सर पडद्यावर पसरलाय. 'गरम केमो' करायची का?

मूळ कॅन्सर कुठला यावर सगळं अवलंबून आहे. या उपचारात आधी कित्येक तास चालणाऱ्या ऑपरेशनमध्ये पडद्यावरच्या दिसतील तेवढ्या गाठी काढतात, मग ४१ ते ४३ अंशाला तापवलेलं औषध तास-दीड तास पोटात फिरवतात. अपेंडिक्सच्या काही गाठी आणि अंडाशयाच्या निवडक पेशंटमध्ये याचा उपयोग होतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत ऑपरेशनवर गरम केमोची भर घातल्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. ऑपरेशनचा फायदा मात्र दिसला. जठराचा कॅन्सर दूरवर पसरलेला आणि पेशंट अंथरुणाला खिळलेला, अशा वेळी घर गहाण टाकून हे करायला निघालेल्या नातेवाइकांना मी थांबवतो. खर्चाचा निर्णय घेण्याआधी दुसरं मत घ्या. टाटा मेमोरियलचं केंद्र खारघरलाच आहे.

किडनी गेलीय. पोटातून डायलिसिस होतं ते काय?

पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर साखरमिश्रित द्रव सोडायचा, चार ते सहा तास आत ठेवायचा, मग काढून नवा भरायचा. रक्तातली घाण पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून त्या द्रवात उतरते, आणि साखरेच्या ओढीने जादा पाणीही येतं. दिवसाला तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. दुसरा प्रकार म्हणजे रात्री झोपेत मशीन हे सगळं करतं.

जर्मनीत जॉर्ज गँटर यांनी १९२३ मध्ये माणसावर हा प्रयोग केला होता. पण कायम ठेवता येणारी नळी हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये आणली, आणि घरी, रोज, मशीनशिवाय करायची कल्पना अमेरिकेत पोपोविच आणि माँक्रिफ यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्या भागात अजूनही डायलिसिस म्हटलं की हाताला सुया आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास, एवढंच लोकांना माहीत असतं. दोन्ही पर्याय समोर ठेवून विचारलं जावं असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः नोकरी टिकवायची असलेल्यांना आणि शहापूर-मुरबाडकडून ठाण्यापर्यंत यावं लागणाऱ्यांना. महाप्यातल्या कंपनीत काम करणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत मेडिकल रूममध्ये एक पिशवी बदलू शकतो.

पोटाची मोठी ऑपरेशनं होऊन पडदा चिकटलेला असेल, दुरुस्त न केलेला मोठा हर्निया असेल, किंवा घरात कुणीच हे शिकू शकत नसेल, तर ही पद्धत जमत नाही.

आमचं वन रूम किचन आहे. जमेल?

जमतं. खोली मोठी असण्यापेक्षा तो पाऊण तास खोलीत शिस्त असणं महत्त्वाचं. दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने नीट धुऊन कोरडे, मांजर बाहेर, आणि शेजारच्या काकू 'काय करताय' म्हणून डोकावणार नाहीत याची सोय. पिशवी टांगायला एक हुक.

जागेचा खरा प्रश्न साठवणुकीचा आहे. महिन्याला ९० ते १२० पिशव्या, दोनशे किलोच्या आसपास वजन. खोके फळीवर, जमिनीपासून उंच ठेवा. तळमजल्यावर राहत असाल आणि पावसात पाणी शिरत असेल तर आणखी उंच. पिशवी गरम करायला कोरडी उष्णता वापरा. गरम पाण्याच्या बादलीत बुडवली तर जोडणीच्या टोकाशी जंतू बसतात.

संसर्ग झालाय हे कसं कळतं?

बाहेर आलेला द्रव गढूळ. पिशवीखाली छापील कागद धरा, अक्षरं वाचता आली नाहीत तर ती पिशवी घेऊन तसेच हॉस्पिटलला या, फेकू नका. पोट दुखायची वाट बघू नका. नळीच्या तोंडाशी लाली, पू, दुखरेपणा दिसला तरी दाखवा. इथल्या जून-जुलैच्या दमट हवेत ड्रेसिंग ओलं राहतं, तेव्हा ते जास्त वेळा बदलावं लागतं. आंघोळ चालत्या पाण्याने, नर्सने सांगितल्याप्रमाणे नळी झाकून. तलावात, खाडीत, विसर्जनाच्या पाण्यात उतरायचं नाही, कृत्रिम तलावातसुद्धा.

खाण्यात काय बदल?

रोज बाहेर पडणाऱ्या द्रवातून पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं जातात. ती भरून काढायला अंडी, ताजे मासे, चिकन, शाकाहारी असाल तर डाळ-उसळ-पनीर, आहारतज्ज्ञ ठरवतील त्या मापात. पोटॅशियमचं बंधन हाताच्या डायलिसिसपेक्षा सहसा सैल असतं. द्रवातली साखर रक्तात शोषली जाते, त्यामुळे वजन आणि मधुमेह दोन्हीकडे लक्ष हवं.

लांब वेळासाठी आयकोडेक्स्ट्रिन नावाचा द्रव वापरत असाल तर साखर मोजायचं घरचं मशीन त्याला चालतं का, हे नक्की विचारा. काही मशीन त्यात खोटी वाढलेली साखर दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक खाली जाते.

पडदा किती वर्षं टिकतो?

सांगता येत नाही. कुणाचा पडदा घाण पटकन सोडतो, कुणाचा सावकाश. ते सुरुवातीला चार तासांच्या एका चाचणीत मोजून त्याप्रमाणे पिशव्यांचं वेळापत्रक ठरवतात. वर्षानुवर्षं साखरेचा द्रव आणि वरचेवर संसर्ग यांनी पडदा जाड होत जातो, पाणी कमी निघायला लागतं. तेव्हा हाताच्या डायलिसिसकडे वळतात. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव पहिल्या वर्षीच घाला.

गणपतीला गावी जायचंय. दहा दिवस. काय करू?

जा. किमान महिनाभर आधी डायलिसिस युनिटला आणि पिशव्या पुरवणाऱ्यांना सांगा. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली भागात खोके थेट गावच्या पत्त्यावर पोचवता येतील का ते विचारा, नाहीतर ट्रेनमधून चाळीस पिशव्या न्यायचा घोळ होतो. दोन दिवसांच्या पिशव्या हातातल्या सामानात असू द्या, गाडी रखडली तर उपयोगी पडतात. रात्रीच्या मशीनवर असाल तर साध्या पिशव्याही घ्या. त्या उंचीवर टांगून चालतात, वीज लागत नाही. आरतीच्या गर्दीत पिशवी बदलू नका, मागची खोली ठरवून घ्या. जवळच्या तालुक्यातल्या हॉस्पिटलचा नंबर, नळी बसवल्याचा कागद आणि पिशवी गढूळ झाली तर द्यायच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्रीची पिशवी निघायच्या आधी बदला, प्लॅटफॉर्मवर नाही.